फाल्बेनेगचा उलटा घोडा

१

तो आवाज लाकडाचा होता.

आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाकापुढे गुडघे टेकायला एक लांब फळी असते, बिजागरीवर बसवलेली. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना छोटी घंटी वाजते, सगळे खाली वाकतात, फळ्या खाली येतात आणि चर्चभर एकच दणका होतो. छपरावरचा बर्फ एकदम घसरून पडावा तसा. मग शांत. लहानपणापासून हा आवाज कानात इतका मुरलेला असतो की तो आपण ऐकतो हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

१९५७ सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी घंटी वाजली, दणका झाला, शांत झालं. आणि मग, एक श्वास घेऊन सोडावा इतक्या वेळानं, आणखी एक फळी पडली. एकटीच.

मी मान वळवली. शेजारी माझी बायको आफ्रा होती. तिनं कोपरानं ढोसलं.

"सरळ बघ."

"उशिरा कोण टेकलं?"

"श्टोफल असेल. त्याचे गुडघे काय आजचे आहेत?"

श्टोफल म्हणजे आमचा घंटावाला. तो माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, खांबाला टेकून, दोन्ही हात दोरावर.

आता माझं वय एक्क्याण्णव आहे. शाळेत मी सहा वर्षं होतो, त्यातली निम्मी बटाट्याच्या शेतात गेली, तेव्हा सांगायला वेळ लागेल. येत्या शुक्रवारी जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याची माणसं येऊन त्या चर्चमधला एक दगड फिरवणार आहेत. आणि माझ्या मुलाचं, क्विरिनचं, वय एकसष्ट आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला वाटतं. बासष्ट वर्षं मी ते कुणाजवळ बोललो नाही. आज दुपारी क्विरिनला सांगितलं. तो गेल्यावर लगेच लिहायला बसलोय, त्याला सांगितलं त्याच क्रमानं.

२

आमच्या फाल्बेन गावाच्या टेकडीवर बुरुजाचा एक दात उरलाय. तो फाल्बेनेग घराण्याचा. लहान सरदार होते. दोन गावं, एक गिरणी, एका पुलावरची जकात, एवढीच दौलत. मोठ्या सरदारांच्या मेजवानीत त्यांना दाराजवळ बसवत असावेत. १४११ साली काडोल्ट फाल्बेनेग वारला आणि घराणं संपलं.

चर्चमध्ये त्यांच्या दोन वस्तू राहिल्या. एक, वेदीच्या डाव्या अंगाला त्यांची बसायची जागा, चारी बाजूंनी लाकडी जाळी लावलेली छोटी खोलीच ती, वरून उघडी. तिला कुलूप असायचं आणि किल्ली श्टोफलकडे. तिथे कुणी बसत नसे. दुसरी वस्तू त्या जाळीच्या वर, भिंतीत बसवलेला जात्यासारखा गोल दगड. त्यावर ढाल कोरलेली आणि ढालीवर घोड्याचं मुंडकं. ते उलटं होतं. मान वर, तोंड खाली. आम्ही पोरं म्हणायचो, घोडा पाणी पितोय.

त्या वर्षी फादर राइमंड नवे आले होते. तरुण, उत्साही. मे महिन्यात बिशप गावाला भेट देणार होते. फादरनी मला बोलावलं, कारण गावात पाथरवट मी एकटाच.

"एंगलबर्ट, हा घोडा उलटा का?"

"पहिल्यापासून तसाच आहे, फादर."

"म्हणजे सुरुवातीलाच कुणीतरी चुकलं. बिशप बघतील आणि विचारतील, या गावात धड पाथरवट नाही का?"

श्टोफल तिथे झाडत होता. म्हणाला, "राहू द्या फादर. साडेपाचशे वर्षं पितोय, अजून पोट भरलं नाही."

"तुझंही भरत नाही, श्टोफल. आणि ते पाणीसुद्धा नसतं."

आम्ही हसलो. पण मला ते लागलं होतं, माझ्यासाठी नव्हे, त्या जुन्या पाथरवटासाठी. बिचाऱ्यानं घाईत किंवा पिऊन दगड उलटा बसवला असेल आणि तेव्हापासून पोरंसोरं त्याला हसताहेत. वाटलं, त्याची चूक आपण निस्तरावी. आपल्यातलाच तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्टोफलला घेऊन लाकडी परांची बांधली. दगडाभोवतीचा चुना उकरला तर आत चार मेखा होत्या. भिंतीतला दगड पडू नये म्हणून खालून दोन पुरतात. त्या होत्याच. पण वर आणखी दोन होत्या, दगडाच्या कडेत आडव्या घुसवून शिसं ओतलेल्या. माझ्यासारख्याला तिथेच कळायला हवं होतं. वरच्या मेखा दगड पडू नये म्हणून नव्हत्या. तो फिरू नये म्हणून होत्या.

मला एवढंच वाटलं, गडी प्यायलेला होता खरा, पण लोखंडात कंजूष नव्हता.

मेखा काढायला दोन तास लागले. फिरवायला अर्धा दिवस जाईल असा माझा अंदाज होता. दगडाला हात लावला आणि तो फिरला. तेल घातलेल्या दारासारखा, आवाज न करता, बरोबर अर्धा, आणि थांबला.

श्टोफलनं हात काढून घेतला.

"एवढं ढकललंस कशाला?"

"मी नाही ढकललं. तू ढकललंस."

"मी तर धरून ठेवत होतो," श्टोफल म्हणाला.

जुना चुना भुगा झाला असेल, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं. मलाही पटलं. पाचरी मारल्या, चुना भरला. घोडा सरळ झाला. खाली उतरून बघितलं तेव्हा तो पाणी पीत नव्हता. तो चर्चमध्ये बघत होता.

हे गुरुवारी झालं. फळीचा आवाज मी ऐकला तो त्यानंतरच्या रविवारी.

३

पुढच्या रविवारी पुन्हा ऐकला. त्यापुढच्याही. मिस्सा झाल्यावर मी श्टोफलला जाळीचं कुलूप उघडायला लावलं. आत एकच बाक, एकच फळी. फळी खाली पडलेली होती.

"झाडताना मी ती वर टेकवून ठेवतो," श्टोफल डोकं खाजवत म्हणाला. त्याचा डावा कान गेलेला होता, त्यानं काही ऐकलं नव्हतं. "उंदीर असेल."

"उंदराला गुडघे कशाला टेकायचेत?"

"त्याची पापं काय कमी असतात?"

फळीवर गुडघ्यांनी खळगे पडले होते, शेजारी शेजारी. मी त्यांवरून हात फिरवला. आठ होते. दाराकडच्या टोकाला लाकूड सपाट होतं, एक माणूस मावेल एवढं. जुन्या फळीला खळगे पडणारच. सगळीकडे धूळ होती, खळग्यांत नव्हती. खळगा गुळगुळीत असतो, धूळ घसरत असेल.

मी असा माणूस आहे की प्रत्येक गोष्टीला कारण शोधतो आणि ते मिळालं की झोपतो.

मग एक बदल होऊ लागला. तो उशीर कमी होत गेला. आधी एक श्वास. बिशप आले तेव्हा अर्धा. जून संपता संपता ती फळी बाकीच्या फळ्यांबरोबर पडू लागली, दणक्यात मिसळून गेली. इतर कुणाला आधीही काही जाणवलं नव्हतं. मला मात्र दर रविवारी दणका पूर्वीपेक्षा थोडा जड लागायचा. आवाज गेला नव्हता. आपल्यात येऊन बसला होता.

याच दिवसांत आफ्रा एका सकाळी अंगणात बादली खाली ठेवून उभी राहिली.

"एंगल, मला ते व्हायचं थांबलंय. दोन महिने झाले."

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरनं दोन वेळा सांगितलं होतं की आशा धरू नका. पाळण्यासाठी आणलेलं लाकूड मी कधीच कोंबड्यांच्या खुराड्याला वापरून टाकलं होतं.

"काय बघतोयस?" ती म्हणाली. "खुराडं मोड आता."

आणि ती रडायला लागली, मीही. बादली कलंडली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

४

ऑगस्टमध्ये भिंतीची ओल काढताना त्या दगडाखालचा चुन्याचा पापुद्रा सुटला. खाली अक्षरं होती. जुनी, काटेरी. मला वाचता येईनात. मी हेडविग बाईंना बोलावलं.

हेडविग बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि वीस वर्षं फाल्बेनेग घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "मोठ्यांचा कुणीही लिहील. हे इतके किरकोळ होते की यांच्यासाठी माझ्याशिवाय कुणी नाही."

चष्मा लावून त्यांनी भिंत वाचली. मग वर दगडाकडे बघितलं.

"हा कुणी फिरवला?"

"मी. उलटा होता, बाई."

"उलटाच असतो, एंगलबर्ट." त्यांनी चष्मा काढला. "घराण्यातला शेवटचा पुरुष वारला की त्याची ढाल उलटी करतात. आणि थडग्यावर ओरडून सांगतात. इथे लिहिलंय ते. 'आज फाल्बेनेग, आणि यापुढे कधीच नाही.' शहरात हे कुणालाही ठाऊक असतं. आपल्याकडे एकच घराणं होतं, एकदाच संपलं. कोण लक्षात ठेवणार?"

त्या मला घरी घेऊन गेल्या आणि वही काढली. मठाच्या जुन्या कागदांतून उतरवलेली.

"नऊ पिढ्या. पहिला ऑर्टोल्फ, त्यानं बुरूज बांधला. त्याला मूल नव्हतं. मग रापोटो, मग वुल्फिंग, इर्नफ्रीड, असे काडोल्टपर्यंत आठ. आता गंमत बघ. या आठांपैकी एकाच्याही जन्माची नोंद नाही."

"हरवली असेल."

"आठही हरवल्या? नोंद आहे ती ही. 'गिरणीवरून आणला.' 'वरच्या वाडीवरून आणला.' 'घंटावाल्याकडून आणला.' आणि प्रत्येक वेळी त्या बाईला जमिनीचा एक तुकडा दिल्याची नोंद. त्या घरात कधीच मूल झालं नाही. ते गावातून आणत. कुणाचं हवं ते."

"आणि काडोल्ट?"

"त्यानं आणलं नाही. का, ते वहीत नाही. मरताना एकतीस वर्षांचा होता. ढाल उलटी करून पक्की बसवा, हे त्यानंच सांगून ठेवलं होतं."

आमच्या बटाट्याच्या शेताला गावात पाळणापट्टी म्हणतात. आफ्राच्या माहेरकडून आलेलं शेत. असं नाव का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही.

दारापर्यंत सोडायला येताना बाईंनी विचारलं, "आफ्राला कितवा?"

"पाचवा लागेल."

म्हणजे एप्रिल. त्यांनीही मनात मोजलं असणार. त्यांचा हात कडीवर तसाच राहिला.

"हे बघ, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण तो दगड परत फिरव."

५

महिनाभर मी गेलो नाही. सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला गेलो. ऊन स्वच्छ होतं. चर्चमध्ये कुणी नव्हतं. श्टोफल बाराच्या घंटेला येणार होता. शिडी लावली, चढलो, पहिली पाचर ठोकून बाहेर काढली.

माझ्या पायाखाली, जाळीच्या आत, फळी पडली.

मी खाली बघितलं. शिडीवरून जाळीच्या वरच्या कडेपलीकडचं थोडं दिसत होतं. सगळं नाही. बाकापुढचा कठडा दिसत होता आणि कठड्यावर ठेवलेले हात.

ओळीनं हात होते. मनगटापलीकडे सावली होती, तिकडे मी बघितलं नाही. सरदारांचे हात मी चित्रांत पाहिलेत, लांब, निमुळते. हे तसे नव्हते. एका जोडीची करंगळी आत वळलेली होती. आमच्या गिरणीवाल्यांच्या घरात आजही सगळ्यांची तशीच असते. एका जोडीचे अंगठे रुंद आणि चपटे, श्टोफलसारखे. मी या हातांना ओळखत होतो. बाजारात, लग्नात, प्रेताला खांदा देताना यांच्याशी हात मिळवले होते.

ते रागावलेले नव्हते. हात रागावले की कळतं, मी दगडाचं काम करतो. ते वाट बघत होते. दाराकडच्या टोकाला कठडा रिकामा होता, एका जोडीपुरता.

किती वेळ गेला माहीत नाही. मी पाचर होती तिथे परत बसवली, हातोडीचे तीन घाव घातले. पुन्हा बघितलं तर कठडा होता, नुसता. उतरलो आणि घरी धावलो.

आफ्रा पायरीवर बसली होती. चेहरा पांढरा, दोन्ही हात पोटावर.

"कुठे होतास? मी हाका मारत होते!"

"काय झालं?"

"साडेअकरापासून हललंच नाही, एंगल. सकाळभर नाचत होतं आणि एकदम गप्प. दगडासारखं. मला वाटलं..."

"आणि आता?"

"बाराची घंटा व्हायच्या जरा आधी अशी लाथ मारली! गाढव कुठलं." आणि ती हसू लागली, डोळे वाहत असताना. "बघ, हात लाव. तुझ्यासारखंच आहे. आधी जीव घेतो, मग विचारतो काय झालं."

मी हात लावला. आतून कुणीतरी माझ्या तळव्याला ढकललं.

मूल पोटात कधी कधी झोपतं. हे मला सुईणीनं नंतर सांगितलं आणि ते खरंच आहे. पण त्या दगडाला मी पुन्हा हात लावला नाही.

६

जानेवारीत बर्फात क्विरिन झाला. वजन चांगलं, आवाज मोठा. श्टोफलनं बघून म्हटलं, "नाक आईचं, देवाची कृपा." त्याच्या हातांची बोटं मी एकेक करून बघितली. गिरणीवाल्यांची नव्हती, श्टोफलची नव्हती. माझी होती. मी तेवढ्यावर जगलो.

चांगला मुलगा झाला तो. शांत. सुतारकाम शिकला, माणसांशी गोड, जनावरांशी त्याहून गोड. एकच सवय होती. मिस्सात घंटी वाजली की तो बाकीच्यांबरोबर टेकत नसे. एक श्वास थांबायचा, मग टेकायचा. आफ्रा त्याला चिमटा काढायची.

"सगळ्यांबरोबर टेकायला काय होतं रे तुला?"

"जरा थांबावं लागतं," तो म्हणायचा. म्हाताऱ्यांना आधी बसू द्यावं, तसं.

लग्न त्यानं केलं नाही. एक मुलगी होती, टपाल कचेरीतली, चांगली होती. आफ्रानं फार मागे लागून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, मला मूल नको. का ते मला सांगता येत नाही." मी चुलीत लाकूड घालत होतो. घालतच राहिलो.

हेडविग बाई वारल्या. वही त्यांनी मला दिली होती, ती मी वाचली नाही. श्टोफल गेला. नऊ वर्षांपूर्वी आफ्रा गेली. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं रे." सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा हात माझ्या हातात होता आणि तो सुखी होता.

तिच्या दफनानंतर सगळे बाहेर गेले तेव्हा मी जाळीत शिरलो. कुलूप आता नसतं. वाकून फळीवर हात फिरवला. आठ खळगे होते तसेच होते. दाराकडच्या टोकाला, जिथे लाकूड सपाट असायचं, तिथे बोटं किंचित खाली गेली. फार नाही. पन्नास वर्षांत पडेल तेवढं.

लाकूड बसतं, मी स्वतःला म्हणालो. त्या रात्री मात्र झोप आली नाही.

७

क्विरिन दर बुधवारी माझ्याकडे जेवायला येतो. आजही आला. मी खसखशीचे गोळे केले होते.

"बाबा, मीठ विसरलात. वय झालं तुमचं."

"एकसष्टचा झालास, तरी बापाच्या हातचं खातोस. लाज वाटत नाही?"

"तुम्ही गेलात की लाजेन." त्यानं आणखी दोन गोळे घेतले. मग म्हणाला, "शुक्रवारी मला चर्चमध्ये काम आहे. ती जाळी सोडवून द्यायची. वरचा दगड मूळ स्थितीत आणणार म्हणे."

माझा चमचा थांबला.

"त्यांना कसं कळलं?"

"मेखांची जुनी भोकं सापडली. त्या खात्याच्या बाई म्हणाल्या, कुणा अडाण्यानं शंभर-एक वर्षांपूर्वी फिरवला असणार."

"बासष्ट," मी म्हणालो.

"काय?"

"बासष्ट वर्षांपूर्वी. आणि अडाणी तुझ्यासमोर बसलाय."

तो हसला. मी हसलो नाही, म्हणून तो थांबला. मग मी सांगितलं. दगड, मेखा, फळी, बाईंची वही, हात, पायरीवर बसलेली आई. मी सावकाश बोलतो, त्यानं मध्ये तोडलं नाही. गोळे गार झाले.

"तू फादरना सांग," मी म्हणालो. "त्या दगडाला हात लावू नका म्हणावं. तुझं ऐकतात ते. मी मेल्यावर काय ते करा."

क्विरिननं ताट बाजूला सारलं.

"तुम्ही फिरवलात तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"पण नंतर माहीत होतं."

"होतं."

"मग परत का नाही फिरवलात?"

इतकी वर्षं मी याचं उत्तर तयार करत होतो आणि त्यातलं एकही आठवलं नाही.

"तोवर तू लाथ मारली होतीस," मी म्हणालो.

त्याला हसू आलं. आईसारखंच हसतो, डोळे आधी. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "त्यांनाही आया होत्या ना, बाबा? त्या आठांना."

"होत्या."

"आणि काडोल्टनं त्यांना निजवलं होतं. आपल्यामुळे ते पुन्हा येऊन बसलेत."

"तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

तो उठला. त्यानं ताट धुतलं, पुसलं, फळीवर लावलं. माझंही धुतलं. खुंटीवरची टोपी घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा दाबला. लहानपणी माझ्या पाठीवर बसला की उतरणीवर तो असाच धरायचा.

"शुक्रवारचं काय ते सांग," मी म्हणालो. "क्विरिन. त्यांना सांगशील ना?"

तो बाहेर पडला. मी खिडकीशी गेलो. आमच्या फाटकाबाहेर वाट फुटते, डावीकडची त्याच्या घराला जाते, उजवीकडची चर्चला. भर दुपार होती. वाटेवर ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं.

फाटा आला तिथे तो थांबला. मग वाटेच्या कडेला सरकला, गवतात, आणि टोपी काढली. वडीलधारी माणसं चर्चकडे निघाली की आम्ही त्यांना पुढे जाऊ देतो, तसा. त्यानं मान लववून कुणाला तरी वाट दिली. मग पुन्हा लवली. मग पुन्हा. मी मोजत गेलो. आठ वेळा.

मी काच ठोठावली. जोरानं ठोठावली. त्याला ऐकू आलं असणार.

आठव्यानंतर तो एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ उभा राहिला. मग टोपी हातातच ठेवून, मागे न बघता, त्यांच्या मागून उजवीकडच्या वाटेनं चालू लागला.